ग्रॅनी: नाडीच्या गाठीपासून सुइणीच्या बॅगेपर्यंत

एक काम करा, जरा खाली वाकून तुमच्या बुटाच्या नाडीकडे बघा. गाठीचे दोन कान बुटावर आडवे पसरलेत, की उभे, म्हणजे एक बोटांकडे आणि एक घोट्याकडे? आडवे असतील तर छान. उभे असतील तर बहुतेक तुमची गाठ म्हणजे ग्रॅनी नॉट, आजीची गाठ, आणि नाडी सारखी का सुटते त्याचं उत्तर पण तेच.

नीट गाठीत पहिल्यांदा उजवी नाडी डावीवरून जाते आणि दुसऱ्यांदा डावी उजवीवरून, ग्रॅनी नॉटमध्ये दोन्ही वेळा तीच बाजू, बस एवढाच फरक. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या इंजिनिअर लोकांनी ट्रेडमिलवर पळणाऱ्या बुटाचं स्लो मोशन शूटिंग केलं, तर दिसलं की पाय जमिनीवर आपटतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सातपट झटका बसतो, त्यानं गाठ सैल होते, आणि पाय झुलताना नाडीची मोकळी टोकं तिला ओढत ओढत सोडवतात. सुटतात दोन्ही गाठी, पण ग्रॅनीवाली जास्त.

आता ही गाठ काही कुठल्या आजीनं काढलेली नाही हं. ज्याला गाठ नीट जमत नाही त्याच्या गाठीला खलाशांनी दिलेलं नाव आहे ते, आणि मला टोचलं ते इथंच, कारण आपल्याकडे आजीच्या नावानं काय आहे? आजीबाईचा बटवा. ज्यात सगळ्या दुखण्यांवर काहीतरी सापडतं. आणि तिकडे आजीच्या नावानं काय, तर न टिकणारी गाठ.

शब्द तसा प्रेमाचाच, सतराव्या शतकापासूनचा. फ्रेंच वळणाचा ग्रँडॅम होता, बोलता बोलता त्याचा ग्रॅनम झाला आणि मग ग्रॅनी. पण वस्तूंना चिकटला की बऱ्याचदा त्याचा अर्थ हळू, छोटं, कमी ताकदीचं. सायकलवाले घाट चढताना जो सगळ्यात हलका गिअर टाकतात तो ग्रॅनी गिअर. ऑस्ट्रेलियात मुख्य घराच्या मागे जे छोटं वेगळं घर बांधतात ते ग्रॅनी फ्लॅट, सिडनी ज्या राज्यात आहे तिथं साधारण ६० चौरस मीटरपर्यंत, आणि आजी नसली तरी भाड्यानं दिलेलं असलं तरी नाव तेच. क्रोशाचा ग्रॅनी स्क्वेअर मात्र मला फार आवडतो. मधून सुरू करून बाहेर विणत जायचं, उरलेल्या लोकरीचे तुकडे, रंग जुळो न जुळो, आणि असे चौकोन जोडून पांघरूण. गोधडीमागचा विचार तोच की, काही टाकायचं नाही.

आणि मग ते हिरवं आंबट सफरचंद, ग्रॅनी स्मिथ, आपल्या मार्केटमध्ये नुसतं ग्रीन अ‍ॅपल म्हणून मिळतं ते. ही आजी खरी होती. मारिया अ‍ॅन स्मिथ, जन्म १७९९, इंग्लंडच्या ससेक्समधली, शेतमजुराच्या घरातली. १८३८ मध्ये नवरा आणि मुलांना घेऊन बोटीनं सिडनीला आली, पुढे ईस्टवुडला फळबाग केली. असं सांगतात की तिनं ओढ्याकाठी टास्मानियातल्या सफरचंदांचा कचरा टाकला होता आणि तिथंच एक रोप उगवलं. तिनं ते उपटलं नाही, वाढवलं. १८६८ मध्ये शेजारच्या बागवाल्यांना तिनं ते झाड दाखवलं, १८७० मध्ये ती गेली. पुढे हे फळ खूप दिवस टिकतं म्हणून बोटीनं जगभर गेलं, तिला यातलं काही बघायला मिळालं नाही.

पण ज्या ग्रॅनीसाठी मी हा व्हिडिओ करायला घेतला ती वेगळीच. अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं, अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी, तिथं काळ्या सुइणींना ग्रॅनी मिडवाइफ म्हणायचे. डॉक्टर लांब, कितीतरी हॉस्पिटलं काळ्या बायकांना घ्यायचीच नाहीत, मग रात्री-अपरात्री चिखल तुडवत ग्रॅनी यायची, काळ्यांच्या घरी आणि गरीब गोऱ्यांच्या घरी पण. पैसे मिळाले तर मिळाले, नाहीतर कोंबडी, भाजी. त्या समाजात ग्रॅनी म्हणणं हा मान होता. पण त्याच शब्दाची दुसरी बाजू पण आहे, गोरे लोक वयस्कर काळ्या बाईला मिसेस अमुक म्हणायचे नाहीत, आंटी म्हणायचे नाहीतर ग्रॅनी. एकच शब्द, कोण म्हणतंय त्यावर सगळं.

१९२१ च्या कायद्यानं बाळंतपणाच्या कामासाठी केंद्राचा पैसा आला, सुइणींचे वर्ग सुरू झाले, स्वच्छता शिकवली गेली, ते चांगलंच झालं. पण सरकारी नर्स त्यांची बॅग उघडून तपासायची आणि तिच्यात झाडपाल्याचं औषध ठेवायला बंदी. म्हणजे बटवाच काढून घेतला म्हणा ना.

अलाबामातल्या ग्रीन काउंटीच्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ, आडनाव सफरचंदवालीचंच, नातं काही नाही. जन्म १९०६, गुलामगिरी भोगलेल्या आजीनं वाढवलेली मुलगी. त्यांच्या हातून ३००० हून जास्त बाळंतपणं झाली. १९७६ मध्ये अलाबामानं कायद्यानं या सुइणींचं काम बंद करायला घेतलं आणि काही वर्षांत त्यांचंही थांबलं. २००४ मध्ये, ९८ व्या वर्षी त्या गेल्या. २०१० मध्ये अलाबामाच्या महिला हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं, पूर्ण नाव, मार्गारेट चार्ल्स स्मिथ.