पेडलवरची काठी

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी शाळेची बस आली नाही की पहिला प्रश्न ठरलेला: ड्रायव्हर आला नाही का? ड्रायव्हर नसला तर ते पाच मिनिटांत सगळ्या रस्त्याला कळतं. मेकॅनिक नसला तर कळायला महिनोन् महिने जातात, आणि कळतं तेव्हाही लोक म्हणतात, गाडीच जुनी झाली. आज त्या मेकॅनिकबद्दल बोलायचं आहे. मी स्वतः बरीच वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये काढली, पिटात, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात उभं राहून, मान वर करून. त्यामुळे माझं बोलणं थोडं गाडीच्या पोटाकडून आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

शाळेच्या बसचं वर्कशॉप हे इतर वर्कशॉपसारखं नसतं. सकाळची फेरी संपवून सगळ्या गाड्या एकदम परततात आणि दुपारी सगळ्या एकदम निघतात. मधले चार-साडेचार तास आपले. तेवढ्यात गाडी पिटावर घ्यायची, चाक उतरवायचं, ब्रेकचे लायनर, म्हणजे झिजणारं अस्तर, बघायचे, चाक चढवायचं, नट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोराला, आवळायचे आणि एक चक्कर मारून खात्री करायची. मालाचा ट्रक रखडला तर माल उद्या पोचतो. इथं पोरं फाटकाशी दप्तर घेऊन उभी असतात. म्हणून मोठी कामं रात्री नाहीतर सुट्टीत काढायची, म्हणजे इतरांची सुट्टी तेव्हा मेकॅनिकचा हंगाम.

एक साधा हिशेब करू. समजा ३० बस आहेत आणि नुसत्या तपासणी-सर्व्हिसिंगला दर बसमागे महिन्याला ६ तास धरले. झाले १८० तास. एक मेकॅनिक महिन्याला १६० तास कामावर असतो, पण त्यातला बराच वेळ सुटा भाग शोधण्यात, जॉब कार्ड, म्हणजे केलेल्या कामाची नोंद, लिहिण्यात, रस्त्यात बंद पडलेल्या गाडीकडे धावण्यात जातो. पाना प्रत्यक्ष हातात असतो तो ११५ तासांच्या आसपास, असं धरा. दोघं असले तर २३०. तपासणी उरकून ५० तास दुरुस्तीला हातात राहतात. एकानं काम सोडलं की राहतात ११५, आणि नुसती तपासणीच १८० तासांची. दुरुस्ती वेगळीच.

मग सुटतं काय? दुरुस्ती सुटत नाही. बंद पडलेली गाडी आवारात उभी दिसते, तिच्यासाठी वरून फोन येतात. सुटते ती चालत्या गाडीची तपासणी. तिच्यासाठी कुणाचाच फोन येत नाही. कागदावर खूण होते, गाडी पिटावर मात्र चढत नाही. मेकॅनिकची टंचाई म्हणजे दुरुस्त्या रखडणं, असं बाहेरून वाटतं. माझ्या मते खरं नुकसान इथं होतं, या न झालेल्या तपासणीत.

आता ही तपासणी म्हणजे काय, ते ब्रेकवरूनच सांगतो. मोठ्या बसचे ब्रेक बहुतेक हवेवर चालतात. कंप्रेसर हवा भरतो, ती टाकीत साठते, पेडल दाबलं की चाकाजवळच्या चेंबरमध्ये शिरते आणि एक दांडा बाहेर ढकलते. तो दांडा स्लॅक ॲडजस्टरला, म्हणजे दांडा आणि कॅम जोडणाऱ्या हाताला, ढकलतो, कॅम फिरतो, ब्रेकचे शू चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून जाऊन भिडतात. हा दांडा किती बाहेर येतो, यात सगळं आलं. साध्या ३० नंबरच्या चेंबरचा दांडा २ इंचांपलीकडे जायला लागला की ब्रेकचा जोर झपाट्यानं उतरतो. ड्रायव्हरला एरवी हे जाणवतही नाही. जाणवतं ते उतारावर, गाडी भरलेली असताना.

हल्ली ॲडजस्टर आपोआप जुळणारे असतात, लायनरची झीज ते स्वतःच भरून काढतात. असा ॲडजस्टर पुन्हा पुन्हा ढिला पडत असेल तर दुखणं दुसरीकडे असतं. बुश गेलेले असतात, कॅमशाफ्ट घासलेला असतो, नाहीतर ॲडजस्टरच निकामी झालेला असतो. घाईतला माणूस पाना लावतो, थोडं फिरवतो, ब्रेक झकास लागतो. कार्डावर लिहितो, ‘ब्रेक ॲडजस्ट केले’. खोटं काहीच लिहिलेलं नसतं, पण दुखणं तसंच राहतं आणि चार दिवस दिसेनासं होतं. तो आळशी नसतो हो, त्याच्यामागे आणखी तीन गाड्या उभ्या असतात.

माझे एक उस्ताद होते. ते चाकाला हात लावण्याआधी लांबूनच दोन मिनिटं नुसतं बघायचे. मला वाटायचं, म्हातारा दम खातोय. एकदा त्यांनी मला खाली बसवलं आणि चाकाच्या एका नटापासून बाहेर पसरलेला गंजाचा बारीक ओघळ दाखवला. म्हणाले, “हा नट हलतोय, म्हणून गंज गाळतोय. घट्ट नट रडत नाही.” नंतर हवेच्या टाकीची कळ उघडली. टाकीतून पाणी थोडंफार येतंच. त्या दिवशी त्यात तेलाची साय होती. बोटावर घेऊन दाखवली आणि म्हणाले, कंप्रेसर तेल फेकतोय. या दोन गोष्टी मला कुठल्या पुस्तकात सापडल्या नसत्या असं नाही, पण बोटावरची ती साय विसरत नाही.

आता लोक मेकॅनिक का मिळत नाहीत याची कारणं सांगतात. पोरांना हात काळे करायचे नाहीत, हे सगळ्यात आवडतं कारण. मला ते पटत नाही. हात काळे करायला तयार असलेली पोरं मी पाहिली आहेत. ती येतात आणि दुसऱ्या वर्षी जातात. ट्रकवाले, अवजड यंत्रंवाले जास्त पगार देतात, हे खरंच. काही ठिकाणी हत्यारंही मेकॅनिकनं स्वतःची आणायची असतात, आणि ती पेटी काही एका पगारात भरत नाही. शिवाय मुलांच्या आसपास काम करायचं म्हणून चारित्र्याची पडताळणी होते. ती व्हायलाच हवी, पण ती होईपर्यंत कंटाळून माणूस दुसरीकडे लागलेला असतो.

खरं कारण मला वेगळं वाटतं. पोरगं शिकायला येतं आणि शिकवणारा मोकळा नसतो. चारच्या जागी दोघं काम करत असतील तर उस्तादानं खाली बसून ओघळ कधी दाखवायचा? मग पोराच्या हातात ग्रीसची गन येते. वर्षभर ग्रीसच. ते कंटाळून गेलं की उस्तादाचं काम आणखी वाढतं, पुढच्या पोराला वेळ आणखी कमी. आणि एक दिवस उस्ताद निवृत्त होतात.

त्यात कामही पहिलं राहिलेलं नाही. डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला फिल्टर आला. तो स्वतःला साफ करतो ती काजळी जाळून, आणि त्यासाठी साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. हमरस्त्यावर तासन् तास पळणाऱ्या गाडीला हे सोपं. शाळेची बस पाव किलोमीटर जाते, थांबते, दार उघडते, पुन्हा निघते. धूर पुरेसा तापतच नाही, काजळी साठते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि गाडी उभी करून स्कॅनर लावून ती जाळावी लागते. तेवढा वेळ पिट अडलेला. विजेच्या बसला हा त्रास नाही, पण तिथं नारिंगी केबल असते. काही शे व्होल्टची. आधी पुरवठा तोडायचा, मग वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबायचं, मग मीटरवर शून्य बघायचं, तेही रबरी हातमोजे घालून. शिकल्याशिवाय त्या केबलला हात लावायची सोय नाही. म्हणजे नवी गाडी आली तरी शिकवणारा लागतोच.

उपाय विचाराल तर माझ्याकडे मोठी योजना नाही. सुटे भाग आणि कागदपत्रं सांभाळायला एक वेगळा माणूस द्या, म्हणजे पाना हातात राहील. उस्तादाच्या आठवड्यातला एक दिवस शिकवण्यासाठी राखून ठेवा, त्या दिवशी त्याला गाडी देऊ नका. आणि तपासणी चुकली असेल तर गाडी फेरीवर न सोडण्याचा अधिकार त्याच्या सहीला द्या. हे शेवटचं कुणालाच आवडत नाही, कारण त्या दिवशी एक फेरी रद्द होते.

रेल्वेच्या सुरुवातीच्या हवेच्या ब्रेकमध्ये नळी फुटली की ब्रेकच लागत नसे. १८७२ साली जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी गणित उलटं केलं: हवा गेली की ब्रेक आपोआप लागावेत. बसचा पार्किंग ब्रेकही त्याच विचारावर उभा आहे. हवा संपली की आतली स्प्रिंग सुटते आणि चाक जागच्या जागी धरते. वर्कशॉपमध्ये अशी स्प्रिंग नाही. तिथली माणसं संपत गेली तरी गाड्या थांबत नाहीत, धावतच राहतात.

त्या दांड्याचं माप घ्यायला खरं तर दोन माणसं लागतात. एक पिटात, दांड्यावर खडूची खूण करून पट्टी धरलेला. दुसरा वर केबिनमध्ये, पेडल दाबून हवेच्या काट्याकडे बघत. आमच्याकडे माणसं कमी झाली तेव्हा कुणीतरी एक लाकडी काठी बरोबर मापाची कापून आणली. एक टोक पेडलवर, दुसरं सीटला अडकवलेलं. काम व्हायचं. पहिल्या दिवशी मी खालून सवयीनं ओरडलो, “काटा किती खाली आला रे?” आणि मग खडू खिशात टाकून, पिटाच्या पायऱ्या चढून, स्वतःच बघायला वर गेलो.