झान देर्वँ: मालकी लपवावी लागलेली योजना

श्रोतेहो, नमस्कार.

१८४८च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये राजा पळाला आणि प्रजासत्ताक आलं. मतदार अडीच लाखांवरून एकदम नव्वद लाखांवर गेले. पण त्यांत बाई एकही नव्हती. हे ज्यांना मुळीच सहन झालं नाही, त्या झान देर्वँ. १८०५मध्ये पॅरिसला जन्म, हातात शिवणकाम, स्वतःच्या हिमतीवर शिकून पुढे शिक्षिका. स्त्रियांचं मत मांडणारं वृत्तपत्र त्यांनी चालवलं आणि १८४९मध्ये मताचा हक्क नसतानाही थेट निवडणुकीला उभ्या राहिल्या. समाजवादी म्हणवणारे प्रूदाँसुद्धा विरोधात गेले. पुरुष जसा बाळाला दूध पाजणारी दाई होऊ शकत नाही, तशी बाई आमदार होऊ शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी विचारलं, दाईला कोणता अवयव लागतो ते कळलं, कायदे करायला कोणता लागतो ते सांगा! त्याला उत्तर काय असणार?

पण त्यांचं मोठं काम वेगळंच होतं. शिंपी, आचारी, शिवणकाम करणाऱ्या बाया यांच्या मालकाविना चालणाऱ्या सहकारी संस्था तेव्हा उभ्या राहत होत्या. या सगळ्यांनी एक व्हावं, एकमेकांना उधारी द्यावी, एकमेकांचा माल घ्यावा, ही योजना देर्वँबाईंची. शंभरावर संस्था त्यात आल्या. १८५०च्या मे महिन्यात पोलिसांनी बैठकीवर छापा घातला. राज्य उलथण्याचा कट म्हणून खटला चालला.

आणि इथे जे घडलं ते मला आजही बोचतं. ही कल्पना मुळात आपली, हे कोर्टात सांगू नका, अशी विनवणी त्यांना सोबत्यांच्याच बाजूने झाली. इतक्या पुरुषांच्या संघटनेमागे एका बाईचं डोकं, हे जगाला कळायला नको होतं. नवऱ्याचं आडनाव न लावणाऱ्या, विवाहाच्या कायद्यावर भर कोर्टात बोट ठेवणाऱ्या या बाईंनी तेवढी एक गोष्ट मात्र गिळली, कारण सोबत्यांमध्ये फूट दिसू द्यायची नव्हती. हा त्याग त्यांच्याकडून मागायलाच नको होता, असं मला ठामपणे वाटतं.

सहा महिन्यांची शिक्षा झाली. सँ-लाझारच्या तुरुंगातून त्यांनी आणि सोबतच्या कैदी पोलिन रोलाँ यांनी १८५१मध्ये अमेरिकेतल्या स्त्री-हक्क परिषदेला पत्र लिहिलं. पुढच्याच वर्षी लंडनला परागंदा होणं आलं. तिथे त्यांनी निर्वासितांच्या मुलांसाठी शाळा काढली, स्त्रियांसाठी वार्षिक अंक छापले. १८९४मध्ये तिथेच त्या वारल्या. अंत्यविधीला इंग्रज कवी आणि समाजवादी विल्यम मॉरिस बोलले. फ्रान्समधल्या बायकांना मताचा हक्क मिळाला तो त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९४४मध्ये.