छतावरचा पाऊस आणि घरखर्च

[दृश्य: जून महिना. स्लॅबच्या पन्हळीतून अंगणात पडणारी धार. खाली लोखंडी बादली.]

६०० चौरस फुटांचा स्लॅब. तासाला ३० मिलिमीटरच्या वेगानं पाऊस कोसळतोय. या एका पन्हळीतून मिनिटाला वीस-बावीस लिटर पाणी खाली येतंय. १५ लिटरची बादली मिनिटभरही टिकत नाही. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांचं हे पाणी अंगणातून गल्लीत जातं आणि गल्लीतून नालीत. मार्च उजाडला की त्याच घरापुढं टँकर येऊन उभा राहतो.

हिशोब अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी. ६०० चौरस फूट म्हणजे जवळपास ५६ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरू. आष्टी-पाटोद्याकडे तो कमी भरेल, किनवट-माहूरकडे जास्त. स्लॅब थोडं पाणी पितो, थोडं उन्हानं उडतं, थोडं बाहेर उडतं, म्हणून शंभरातले ८० हाती लागतात असं समजा. ५६ गुणिले ७०० गुणिले ०.८. उत्तर येतं ३१ हजार लिटर. ५ हजार लिटरचे सहा टँकर. तुमच्या गावात उन्हाळ्यात टँकरचा जो भाव असेल, त्यानं सहाला गुणा.

[दृश्य: लातूर रेल्वे स्टेशन, रिकामे रूळ.]

एप्रिल २०१६. मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. सरासरी पावसाच्या वर्षी एवढं पाणी अशा सोळा घरांच्या छतांवरून हाती लागतं. २०१५चा पावसाळा कोरडा गेला होता हे खरं. पाऊस निम्मा धरला तरी बत्तीस घरं होतात. एका लहान गल्लीत त्याहून जास्त घरं असतात.

टँकरचे पैसे वाचतात हे कुणाच्याही लगेच लक्षात येतं. साबण आणि गॅस मात्र कुणी या हिशोबात धरत नाही.

[दृश्य: चुलीशेजारी दोन सारखे कुकर. एका भांड्यात बोअरचं पाणी, दुसऱ्यात पावसाचं.]

बोअरचं पाणी जड असतं, हे इथल्या बाईमाणसाला सांगावं लागत नाही. डोक्याला साबण लावला तर फेस येत नाही, केस चिकट होतात, हंड्याच्या तळाला पांढरा थर बसतो. या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते आधी साबण खातात, त्याची चिकट साय करतात, आणि त्यानंतर उरलेल्या साबणाला फेस येतो. म्हणजे वडीतला बराचसा साबण कपड्याच्या मळापर्यंत पोचतच नाही.

डाळीचंही तसंच. तुरीच्या दाण्यात पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम त्याला घट्ट बांधतं, दाणा फुटत नाही, शिट्ट्या वाढत जातात. मग चिमूटभर खायचा सोडा पडतो. सोड्यानं डाळ शिजते, पण तिच्यातलं बी-१ जीवनसत्त्व जातं. पावसाच्या पाण्यात हे क्षार जवळजवळ नसतातच. घरी करून बघा. एकाच पिशवीतली डाळ, एकाच मापाची, दोन्हीकडं सारखाच वेळ भिजवलेली. एक कुकर बोअरच्या पाण्याचा, एक पावसाच्या. शिट्ट्या मोजा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा, कारण शिट्टीतून सुटणारी वाफ म्हणजे उडून जाणारा गॅसच.

आता छताचं पाणी गाळून टाकीत आणायची जोडणी.

स्लॅबला पन्हळीकडं उतार हवा. पाणी साचून राहत असेल तर आधी तो दुरुस्त करा. खाली येणारी पीव्हीसी नळी चार इंची घ्या. दुकानात तीन इंची स्वस्त दिसते, पण ती चार इंचीच्या निम्मंही पाणी नेत नाही आणि जोराची सर आली की स्लॅबवर तळं होतं. नळीच्या तोंडावर जाळी बसवा. लिंबाचा पाला आणि पाखरांची पिसं तिथंच अडली पाहिजेत.

नळी जमिनीपासून दोन-तीन फुटांवर आली की तिथं टी, म्हणजे दोन फाटे काढणारा जोड, बसवा. टीचा एक फाटा गाळणीकडं जाईल. दुसरा सरळ खाली, आणि त्याच्या टोकाला आटे असलेलं झाकण. या झाकणावर सगळं अवलंबून आहे. स्लॅबवर उन्हाळाभर धूळ, कबुतरांची विष्ठा, वाळवणाचा भुगा साचलेला असतो. मोसमातले पहिले एक-दोन पाऊस झाकण उघडं ठेवून सरळ वाहू द्या. पुढं मध्ये चार-आठ दिवसांची उघडीप पडली, तर प्रत्येक वेळी सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडं, मग बंद. बहुतेक घरांत गडबड होते ती इथंच. झाकण उघडायचं राहिलं तर घाण टाकीत. लावायचं राहिलं तर रात्रीचा सगळा पाऊस अंगणात. म्हणून हे काम घरातल्या एकाच माणसाकडं द्या.

[दृश्य: २०० लिटरचा निळा ड्रम. एकेक थर भरताना.]

गाळणी २०० लिटरच्या प्लास्टिक ड्रमची होते. ज्यात रसायन किंवा कीटकनाशक होतं तो ड्रम कितीही धुतला तरी चालणार नाही. तळाशी पाणी बाहेर काढणारी नळी. तिच्यावर आठ इंच मोठी खडी, त्यावर सहा इंच बारीक गिट्टी, मग नायलॉनची जाळी, आणि जाळीवर आठ-दहा इंच जाड वाळू. जाळी विसरलात तर वाळू खडीत उतरते आणि गाळणी तुंबते. खडी-वाळू भरण्याआधी निवळ पाणी येईपर्यंत धुवा. क्रश सँडमध्ये दगडाची पूड फार असते, ती जास्त वेळा धुवावी लागते. ड्रमच्या वरच्या कडेजवळ जादा पाण्यासाठी एक नळी काढा, कारण वाळूतून पाणी सावकाश उतरतं आणि मोठ्या सरीचा वेग तिला झेपत नाही. पाणी वर तुंबायला लागलं की वाळूचा वरचा इंचभर थर खरवडून धुवून परत टाका. सगळा ड्रम उपसायची गरज क्वचितच पडते.

टाकी किती मोठी? ३१ हजार लिटर मिळतात म्हणून तेवढी टाकी बांधायला निघू नका. तिथं पैसा बुडतो. पाच माणसांच्या घराला प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी ७ लिटर धरले तर दिवसाला ३५ लिटर लागतात. ऑक्टोबर ते मे, २४० दिवस. होतात ८ हजार ४०० लिटर. १० हजार लिटरची साठवण पुरेशी आहे. पावसाळ्यात ती पुन्हा पुन्हा भरते आणि तोवर तेच पाणी धुण्या-भांड्याला वापरता येतं. परतीच्या पावसात ती काठोकाठ भरून बंद करायची.

जमिनीत टाकी बांधणार असाल तर माती बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेल्या टाकीला दोन वर्षांत चिरा पाडते. मुरूम लागेपर्यंत खोदा, टाकीच्या चहूबाजूंनीही मुरूमच भरा. एवढं शक्य नसेल तर जमिनीवर ५ हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या ठेवलेल्या बऱ्या. उजेड आत गेला की शेवाळ धरतं, म्हणून झाकण घट्ट हवं. जादा पाण्याच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी हवीच. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. तोटी तळापासून सहा इंच वर बसवा, खाली गाळ बसू द्या.

प्यायच्या पाण्यात हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता. अर्ध्या तासानं पाणी वापरता येतं. पावडरीचं पुडकं उघडं राहिलं असेल तर तिचा जोर गेलेला असतो.

पत्र्याच्या घराला हेच सगळं लागू आहे, उलट पत्रा स्लॅबपेक्षा जास्त पाणी देतो. गंजलेला पत्रा, सिमेंटचा जुना पत्रा किंवा नुकतंच डांबर मारलेला स्लॅब असेल तर ते पाणी धुण्या-भांड्यापुरतंच ठेवा. माळवदाच्या घराची गोष्ट निराळी. पांढऱ्या मातीचं छत पाणी गढूळ करतं. ते पाणी झाडांना द्या.

टाकी भरून वाहिलेलं पाणी बोअरकडं वळवा. बोअरच्या केसिंगभोवती, म्हणजे त्यात उतरवलेल्या पाइपाभोवती, सहा फूट लांब, सहा फूट रुंद, आठ फूट खोल खड्डा. केसिंगला भोकं पाडून त्यावर जाळीचे दोन-तीन वेढे. तळाला मोठे दगड, मग खडी, वर वाळू. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. तो पाणी पीत नाही, पाणी राहतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. म्हणून जिरवलेलं पाणी आपल्याच बोअरला येईल, की शेजाऱ्याच्या, हे भेगा ठरवतात. आधी टाकी, मग बोअर, हा क्रम त्यासाठीच. आणि या खड्ड्यात मोरीचं पाणी कधीही सोडायचं नाही. संडासाच्या टाकीपासून तो ५० फूट तरी लांब हवा.

मोरीच्या पाण्याला वेगळा शोषखड्डा करा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं तो घरोघर केला आणि उघड्या नाल्या गेल्या. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-खडी. टाकीत गाळ बसतो तो अधूनमधून काढावा लागतो, नाहीतर खड्डा पाणी घेणं थांबवतो. आंघोळीचं पाणी त्याआधी शेवग्याला, लिंबाला, कर्दळीला दिलं तर चांगलंच. कपडे धुतलेलं पावडरीचं पाणी मात्र रोज एकाच आळ्यात नको. त्यातल्या सोडियमनं काळी माती घट्ट होऊन पाणी घेईनाशी होते.

[दृश्य: मे महिना. गच्चीवर झाडू, खाली रिकामी टाकी.]

रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या सुमाराला, टाकी रिकामी करून तळाचा गाळ काढा. वाळू धुवा, फाटलेली जाळी बदला, स्लॅब झाडा, झाकणाचे आटे फिरतात का ते बघा. वर्षभर न उघडलेलं झाकण मृगाच्या पहिल्या पावसात हातानं फिरत नाही. आट्यांना थोडं खोबरेल लावून ठेवा.