जमिनीपासून चार बोटे

समोर दिसणारा संगमरवराचा हा ठोकळा दोन फूट रुंद, दोन फूट जाड आणि तीन फूट उंच आहे. संगमरवराच्या एका घनफुटाचे वजन सुमारे ७६ किलो भरते; म्हणजे मुंबईतल्या शिल्पकाराच्या या लहानशा गाळ्यात कोपऱ्यात मावणारा हा दगड ९०० किलोंच्या पुढे जातो. काळा पाषाण याहूनही जड. लालबागच्या कारखान्यांतून निघणाऱ्या उंच गणेशमूर्ती आतून पोकळ असतात, त्यामुळे मूर्ती माणसांनी ढकलत नेण्याचे दृश्य आपल्या नजरेला सवयीचे झाले आहे. दगडाच्या बाबतीत ती सवय घातक ठरते.

इथे दगड हलवताना वजन चेन पुली, म्हणजे साखळी ओढून जड वस्तू उचलणारी कप्पी, घेते; हात फक्त दिशा देतात. पुली छताच्या जुन्या तुळईला टांगण्याचा मोह होतो, परंतु ती तुळई छत पेलण्यासाठी घातलेली असते. पुलीसाठी स्वतंत्र लोखंडी घोडीच, म्हणजे स्वतःच्या पायांवर उभी राहणारी चौकटच हवी.

दगडाला गुंडाळून पुलीच्या आकडीला अडकवायच्या पट्ट्यांपाशी थोडे थांबायला हवे. जांभळा पट्टा १ टनाचा, हिरवा २ टनांचा; मात्र ही क्षमता सरळ उभ्या ओढीची आहे. १ टनाचा पट्टा फास घालून, म्हणजे एक टोक दुसऱ्या टोकाच्या फाशातून ओवून वापरला, तर तो ८०० किलोंचाच उरतो. एकाच आकडीला लावलेल्या दोन पट्ट्यांमधील कोन ६० अंशांचा असेल, तर १ टनाच्या दगडामुळे प्रत्येकावर सुमारे ५७७ किलोंची ओढ येते. तोच कोन १२० अंशांपर्यंत फाकला, की प्रत्येकावर पूर्ण १ टन येतो. बुटक्या गाळ्यात नेमके हेच घडते, कारण वर जागा नसल्याने पट्टे आखूड घेतले जातात.

दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून पट्टा मूर्तीच्या मानेला किंवा हाताला कधीही घालत नाहीत, आणि जाणते शिल्पकार हात व धड यांच्यामधला आधाराचा दगड मूर्ती जागेवर बसेपर्यंत कोरून काढत नाहीत.

घारापुरीचा दगडी हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलला जात असताना यारी (क्रेन) तुटली आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडण्यात आले; भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आज उभा आहे.

आता साखळी ओढली जाते. दगड जमिनीपासून चार बोटे उचलून थांबवतात, कोणत्या बाजूला झुकतो ते पाहतात, आणि झुकलाच तर खाली टेकवून पट्टे नव्याने बांधतात. ही चाचणी कंटाळवाणी वाटते, पण टाळू नये. पावसाळ्यात दगडाच्या भुकटीचा लादीवर निसरडा चिखल होतो. तो आधीच पुसून घेतलेला असतो.

नव्या जागी मूर्ती थेट लादीवर न ठेवता दोन लाकडी पट्ट्यांवर टेकवतात. खालच्या फटीतून पट्टा मोकळा होतो; तो बाहेर ओढायला लोखंडी सळईचा आकडा वापरतात, बोटे नव्हे.