नारिंगी आणि ऑरेंज, एकाच घरचे

नमस्कार मंडळी. इथे दुबईत आपली मुलं ऑरेंज म्हणतात, गावाहून आजी आली की ती नारिंगी म्हणते, आणि आपल्याला वाटतं हे दोन भाषांतले दोन वेगळे शब्द. तसं नाहीये. शब्द एकच आहे, एक घरी राहिला आणि दुसरा जग फिरून आला.

मूळ संस्कृत नारंग. त्याच्याही मागे बरेच अभ्यासक द्राविडी भाषांकडे बोट दाखवतात, तमिळमध्ये नारत्तै आहे, आणि तुमच्या मल्याळी शेजाऱ्यांना विचारून बघा, ते साध्या लिंबाला चेरुनारंगा म्हणतात. पुढे फारसीत नारंग, अरबीत नारंज, अरबांनी ही झाडं स्पेनपर्यंत नेली म्हणून स्पॅनिशमध्ये आजही नारांहा. इटालियनमध्ये मात्र पहिला 'न' गळला, कारण फळाच्या आधी 'एक' म्हणून उना लावायचं, आणि उना नारांचा, उना नारांचा भराभर म्हणता म्हणता तो 'न' उनातच जिरला आणि उरलं आरांचा. फ्रेंचमध्ये ओरांज, तिथून इंग्रजी. इंग्रजीत आधी फळाचं नाव आलं, रंगाला ते 16व्या शतकात लागलं, म्हणून तर रॉबिन पक्ष्याची छाती चांगली नारिंगी असूनही नाव रेडब्रेस्ट.

मला सगळ्यात भारी वाटते ती अरबीची गोष्ट. स्पेनला गेलं ते कडू नारंज. गोड संत्रं युरोपात पसरवलं पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी, मग ग्रीक, तुर्की, अरबी सगळ्यांनी त्याला पोर्तुगालचंच नाव दिलं, इथल्या ज्यूसच्या खोक्यावर अरबीत बुर्तुकाल लिहिलेलं असतं ना, ते हेच. म्हणजे ज्यांनी आपला शब्द युरोपला पोचवला त्यांच्याच बाजारात आज तो गोड फळासाठी उरला नाही! आणि आपलंही तेच झालं की, नागपूरचं संत्रं सगळे म्हणतात, नारिंग म्हणणारे आता कमीच, रंगात तेवढा शब्द टिकलाय.

म्हणून कळकळीने सांगते, घरी मुलांशी बोलताना रंग मराठीतून सांगा. भगवा, केशरी, नारिंगी या तिन्हींना ते सरसकट ऑरेंज म्हणतात, पण झेंडा भगवा, जिलेबी केशरी आणि संत्र्याची साल नारिंगी, हे त्यांच्या कानावर पडायला हवं.

मोसंबीचं नाव तर मोझांबिकवरून आलंय, पण ते पुढच्या मेळाव्याला, आता जेवण तयार आहे.