1916 वाजत राहिला पाहिजे

(दृश्य: मुसळधार पाऊस. सीएसएमटीसमोरची महापालिकेची इमारत. फोनची घंटी.)

झाड पडलं, भिंत खचली, घरात पाणी शिरलं, की मुंबईकराचा हात 1916 वर जातो. पलीकडे आपत्कालीन नियंत्रण कक्ष. भिंतभर पडदे, पोलीस आणि अग्निशमन दलाशी थेट जोडलेले फोन, आणि भरतीचं वेळापत्रक. पावसाळ्यात ते इथे पंचांगासारखं पाहावं लागतं.

आता समजा, भूकंपात हीच खोली हलली तर?

(दृश्य: भुज, जुनी छायाचित्रं.)

26 जानेवारी 2001, सकाळी पावणेनऊ. भुजमध्ये सरकारी रुग्णालयच कोसळलं. जखमींना न्यायचं, तीच जागा ढिगारा झाली. धक्के मुंबईपर्यंत जाणवले. भुजचं नवं रुग्णालय पुढे रबर आणि शिशाच्या बेअरिंगवर उभं राहिलं. जमीन हिसके देते, बेअरिंग सरकतात, वरची इमारत सावकाश डोलते.

भारतीय मानकाच्या 2016 च्या भूकंप-नकाशात मुंबई तिसऱ्या विभागात आहे, म्हणजे मध्यम धोक्यात. रुग्णालयं, अग्निशमन केंद्रं यांसारख्या इमारती आखताना भूकंपाचं बळ साध्या इमारतीच्या दीडपट धरायचं, असं मानक सांगतं. त्यात इथली बरीचशी जमीन भरणीची. ओली, सैल वाळू जोरदार धक्क्यात चिखलासारखी वागते, म्हणून पाया खाली खडकापर्यंत न्यायचा. तळमजल्यावर मोकळं पार्किंग आणि वर भिंतींचे मजले, ही आपली लाडकी रचना इथे नकोच.

पण खांब शाबूत राहूनही खोली निकामी होते. फॉल्स सीलिंग फोनवर कोसळतं. बॅटऱ्यांचा रॅक आडवा होतो. गच्चीवरच्या टाकीचा पाइप तुटतो आणि सर्व्हरवर पाणी. प्रत्येक कपाट भिंतीला बोल्टने आवळणं, छताला तिरपे आधार देणं, पाइपला लवचीक सांधा बसवणं, ही कामं फीत कापण्याजोगी नाहीत. म्हणूनच ती राहून जातात.

(दृश्य: 26 जुलै 2005. पाण्यात बुडालेल्या बसगाड्या.)

त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला जेमतेम 73. म्हणजे फोर्टातल्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला कुर्ला बुडतंय हे कळायची सोय नव्हती. नियंत्रण कक्षाचे डोळे शहरभर पसरलेले हवेत. ठिकठिकाणी पर्जन्यमापक लागले, ते त्यासाठीच.

उपनगरांत वीज गेली, मोबाइल मुके झाले. अशा वेळी भिस्त जनरेटरवर, आणि तो तळघरात असेल तर आधी तोच बुडणार. वर न्यायचा, पण एकट्याला नाही. 2012 च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या बेलव्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते. डिझेल वर चढवणारे पंप मात्र तळघरात. ते बुडाले, आणि कर्मचाऱ्यांनी जिन्यावर रांग लावून हातोहात इंधन वर पोचवलं.

त्याच शहराचा आपत्कालीन कक्ष वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या सात नंबरच्या इमारतीत, तेविसाव्या मजल्यावर होता. 11 सप्टेंबर 2001 ला तो सोडावा लागला, आणि संध्याकाळी इमारतच उरली नाही. त्यामुळे दुसरी खोली हवी, तीही दुसऱ्या वीजवाहिनीवर, दुसऱ्या केबलवर, आणि त्याच पुरात न सापडणारी.

(दृश्य: रुळांवरून चालत घरी निघालेली माणसं.)

26 जुलैला लोकल थांबल्या. अशा रात्री कल्याणहून निघालेला दुसऱ्या पाळीचा माणूस घाटकोपरच्याही पलीकडे अडकलेला असतो, आणि पहिल्या पाळीच्या माणसाला खुर्ची सोडता येत नाही. म्हणून आराखड्यात पलंग हवेत, न तुंबणारं शौचालय हवं, तीन दिवसांचं पाणी हवं, डाळ-तांदूळ शिजवायला ओटा हवा. बजेट कापायला बसलं, की पहिली कात्री याच ओट्यावर चालते.

(फोनची घंटी. कुणीतरी उचलतं.)