वॉर्ड खाली आणला

नमस्कार मंडळी. हवामान बदल म्हटलं की वितळणारा बर्फ आठवतो, डॉक्टर सहसा कुणाला आठवत नाहीत. मला मात्र आधी डॉक्टरच आठवतात, आणि त्याला कारण अहमदाबादची एक गोष्ट, जी मी जमेल तिथे सांगत असतो.

मे २०१०. अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला, त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्याच दिवसांत महापालिकेच्या एका हॉस्पिटलात नुकती जन्मलेली बाळं अंग तापून नवजात अतिदक्षता विभागात यायला लागली. आता बाळ तापलं की आपण म्हणतो इन्फेक्शन असेल, पण इथे बाळंतिणींचा वॉर्ड होता सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर दिवसभर उन्हात भाजणारी गच्ची, आणि तान्ह्या बाळाला ना धड घाम येतो ना पाणी मागता येतं. मग काय केलं? वॉर्ड खाली आणला. परत सांगतो, नवं औषध नाही, नवं मशीन नाही, वॉर्ड खाली आणला! पुढे डॉक्टरांनी आकडे मांडले तेव्हा दिसलं की ४२ अंशांच्या वर एकेका अंशामागे उन्हामुळे होणारी बाळांची भरती ४३ टक्क्यांनी वाढते, आणि खालच्या मजल्यावर ती बरीच कमी होते. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला, त्यात डॉक्टर-नर्सचं ट्रेनिंगही आलं.

माझं तर म्हणणं आहे, हॉस्पिटलचा नकाशा पास करताना एका नर्सची सही घ्यावी, कारण कुठल्या खोलीत जीव गुदमरतो हे तिलाच ठाऊक असतं. आणि त्या न उघडणाऱ्या काचेच्या भिंती, त्या मला अजिबात पटत नाहीत.

बरं, डॉक्टरांना स्वतःच्या घरातही बघावं लागतं. भूल द्यायचा डेसफ्लुरेन नावाचा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट पृथ्वी तापवतो, स्कॉटलंडने २०२३ मध्ये तो बंद केला, भूल दुसऱ्या औषधांनी नीट देता येते.

आणि तुम्ही एक करा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा लिथियम हे मानसिक आजारावरचं औषध चालू असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा, डोस बदलायचा का, पाणी किती प्यायचं. गोळी मनाने बंद करू नका, आधी विचारा. आणि तुम्ही झोपता ती खोली गच्चीखाली आहे का, तेही त्यांना सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.